न्यासापहार : नाडीही त्याच्या हाती, किल्लीही त्याच्याच हाती

पाक्षिक प्रतिक्रमणात श्रावक बारा व्रतांचे अतिचार क्रमाने आठवतो. स्थूल मृषावादाच्या त्यागाचे दुसरे व्रत आले की दोन शब्द जिभेवरून इतक्या सहजतेने निघून जातात की त्यांच्या अर्थाशी मन क्वचितच थांबते. एक शब्द न्यासापहार, दुसरा कूटलेख. स्थूल मृषावादाचे पाच प्रकार परंपरेने सांगितले आहेत : कन्येविषयी असत्य, गाईविषयी असत्य, भूमीविषयी असत्य, ठेव बुडवणे आणि खोटी साक्ष. त्यांतील चौथा तो न्यासापहार. कूटलेख हा याच व्रताचा अतिचार होय. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात शेजारी शेजारी आलेले आहेत.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्भवते. दुसऱ्याची ठेव गिळंकृत करणे ही तर उघड चोरी. मग तिची गणना असत्यात का केली? पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत या शब्दाचा जो अर्थ उलगडला आहे त्यात या शंकेचे उत्तर सापडते. ठेव ठेवणारा मनुष्य कालांतराने आकडा विसरतो आणि ठेवली होती त्यापेक्षा कमी रक्कम मागतो. ठेव सांभाळणारा शांतपणे म्हणतो, ‘बरोबर, एवढीच होती.’ त्याने कुलूप फोडले नाही, कोणाला धमकावले नाही. केवळ समोरच्याच्या विस्मरणाला होकार दिला. चोरी घडली ती त्या होकाराने. कूटलेखाचा अर्थही असाच नेमका आहे. जे दुसऱ्याने सांगितले नाही, जे त्याने केले नाही, ते त्याने सांगितले, त्याने केले असे फसवणुकीच्या हेतूने लिहिणे म्हणजे कूटलेख.

हे दोन दोष किती खोलवर जाऊ शकतात, ते हिंसेच्या अंतिम टोकापर्यंत कसे पोहोचतात, याची साक्ष शंभर वर्षांच्या अंतराने घडलेले दोन खटले देतात. पहिला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधला, दुसरा विसाव्या शतकातील पुण्याचा. दोन्हींत आरोपी डॉक्टर होता. दोन्हींत मृताच्या शरीरात ज्या विषाने मृत्यू आला असे म्हणावे ते विष सापडले नाही. आणि दोन्हींत न्यायालयाने खुनाचा गुन्हा शाबीत मानून देहान्ताची शिक्षा दिली.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात रुजली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे विल्यम पामर नावाचा डॉक्टर राहत असे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याचे वैद्यकीय शिक्षण झाले होते. परंतु रुग्णांपेक्षा घोड्यांच्या शर्यतींत त्याचे मन अधिक रमले. शर्यतीने कर्ज आणले आणि कर्जाने खोट्या सह्या. सावकारांकडून उचललेल्या रकमांच्या हुंड्यांवर त्याने स्वतःच्या आईची बनावट सही केली. १८५४ मध्ये त्याची पत्नी मरण पावली. तिच्या आयुष्याचा १३,००० पौंडांचा विमा थोड्याच काळापूर्वी उतरवलेला होता व ती रक्कम त्याच्या हाती आली. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ मरण पावला. त्याचाही विमा होता. पण या वेळी विमा कंपनीला संशय आला व तिने पैसे देण्याचे नाकारले.

नोव्हेंबर १८५५ मध्ये पामरचा शर्यतीतला सोबती जॉन पार्सन्स कुक याच्या घोडीने श्रूजबरीची शर्यत जिंकली. जिंकल्यानंतर कुक आजारी पडला. त्याला रुजलीला आणून पामरच्या घरासमोरच्याच खानावळीत ठेवण्यात आले. पामर त्याच्या उशाशी येत-जात राहिला, त्याला औषध व पेय देत राहिला, आणि त्याच दिवसांत कुकची येणी रक्कम स्वतः वसूल करत राहिला. काही दिवसांतच झटके येऊन कुक मरण पावला. गावातील एका अतिवृद्ध डॉक्टरने मृत्यूचा दाखलाही दिला. प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु कुकच्या सावत्र वडिलांना त्याची शर्यतीच्या हिशेबाची वही कोठेच दिसेना. त्यांनी शवपरीक्षेचा आग्रह धरला.

शवपरीक्षेच्या वेळी पामर स्वतः उपस्थित होता. जठरातील द्रव सांडेल असा धक्का त्या वेळी लागला. तपासणीसाठी बंद केलेल्या बरणीच्या आवरणावर नंतर चिरा आढळल्या. गावच्या पोस्टमास्तरने लंडनच्या रसायनतज्ज्ञाचे पत्र फोडून त्यातील मजकूर पामरला कळवला. त्याबद्दल पुढे त्या पोस्टमास्तरला तुरुंगवास भोगावा लागला. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना शरीरात स्ट्रिक्नीन आढळले नाही. मात्र मृत्यूपूर्वीचे झटके, पामरने केलेली विषाची खरेदी, त्याची गरज आणि नंतरचे त्याचे वर्तन ही सारी साखळी ज्यूरीपुढे उभी राहिली. स्थानिक लोकमत इतके प्रक्षुब्ध होते की तेथे निष्पक्ष सुनावणी होणे कठीण मानले गेले. त्यासाठी १८५६ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून खटला लंडनला चालवण्याची सोय केली. २७ मे १८५६ रोजी पामर दोषी ठरला आणि १४ जून रोजी स्टॅफर्ड येथे त्याला फाशी देण्यात आली.

सुमारे शंभर वर्षांनी, १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, अशाच स्वरूपाची घटना मराठी मुलखात घडली.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाची सधन विधवा राहत होती. पतीने मागे घर, बँकेतील रक्कम व शेअर ठेवले होते. दोन मुलांपैकी एकाला अकाली मृत्यू आला होता. स्वतः बाईंना मधुमेह होता व क्षयानेही त्या पीडित होत्या. त्यांच्याच घरात डॉ. अनंत चिंतामण लागू हे भाडेकरू म्हणून राहत व तेच त्यांच्यावर उपचार करत. वर्षानुवर्षांच्या सहवासाने डॉक्टर हे घरचेच माणूस झाले होते. प्रथम औषधाचा सल्ला, मग पैशाचा सल्ला, मग कागदपत्रांची व्यवस्था असा विश्वासाचा विस्तार पायरीपायरीने होत गेला. यात त्या काळाच्या रीतीला सोडून काहीच नव्हते. शिकलेला, सुसंस्कृत, शेजारी राहणारा डॉक्टर यापेक्षा अधिक विश्वासार्ह माणूस एकट्या स्त्रीला कोण मिळणार?

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री, मुंबईतील एका तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवायची म्हणून, लक्ष्मीबाई डॉ. लागूंसोबत पुण्याहून रेल्वेने निघाल्या. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना टॅक्सीतून गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले. तेथे रुग्णाचे नाव लक्ष्मीबाई कर्वे असे नोंदवले गेले नाही. बाईंचे माहेरचे नाव इंदुमती व माहेरचे आडनाव पोंक्षे. नोंदवहीत त्याच्याशी मिळतेजुळते नाव चढले. हिस्टेरियाचे झटके येतात, असे आजाराचे कारण सांगितले गेले. त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला, दुपार होण्यापूर्वीच, शुद्धीवर न येता बाईंचा मृत्यू झाला.

मृत्यूची खबर रुग्णालयाने तारेने डॉक्टरांना पुण्यास कळवली. मृत स्त्रीचे नातेवाईक येऊन देह घेऊन जातील, असा निरोप गेला; परंतु कोणीही आले नाही. ज्या स्त्रीचे पुण्यात स्वतःचे घर होते, मुलगा होता, आप्त होते, तिचा देह मुंबईत बेवारस म्हणून पडून राहिला. अखेर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी तो पाठवण्यात आला. तेथे विच्छेदन कक्षातील एका साध्या कर्मचाऱ्याच्या नजरेस गळ्यावरची एक खूण पडली. त्याने ती वरिष्ठांच्या नजरेस आणली आणि त्यामुळे शवपरीक्षा झाली. ती खूण गळा दाबल्याची ठरली नाही. रासायनिक तपासणीत विषही आढळले नाही. मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी हे मृत्यूचे कारण म्हणून लिहिले गेले. परंतु त्या कर्मचाऱ्याच्या दक्षतेमुळे शवपरीक्षेची नोंद आणि मृत स्त्रीचे छायाचित्र राहिले. पुढे त्याच छायाचित्रावरून ‘इंदुमती’ ही लक्ष्मीबाई असल्याचे तिच्या माणसांनी ओळखले.

इकडे पुण्यात कूटलेखाचा अध्याय सुरू झाला होता. बाई यात्रेला गेल्या आहेत, अशी वार्ता पसरली. मग त्यांच्या नावाने पत्रे येऊ लागली. त्यांनी जयपूरजवळच्या राठोडी नावाच्या गावी जोशी आडनावाच्या गृहस्थाशी विवाह केला असून आता त्या पुण्यास परतणार नाहीत, असा त्या पत्रांतील आशय होता. मृत स्त्रीने जे सांगितले नाही आणि जे केले नाही ते तिने सांगितले, तिने केले, असे त्या कागदांवर लिहिले होते. पूज्यपादांची व्याख्या अक्षरशः तेथे उतरली होती. त्याच सुमारास बनावट कागद व सह्यांच्या आधारे तिच्या बँकेतील रकमा, शेअर व इतर मालमत्ता डॉक्टरांच्या ताब्यात जात राहिली.

या पत्रांचे सामर्थ्य कशात होते, याचा विचार करण्याजोगा आहे. त्या काळी विधवेने पुनर्विवाह करून दूर देशी जाणे ही लोकांच्या कुजबुजीची गोष्ट होती. ऐकणारा नाक मुरडतो, दोन शब्द बोलतो आणि चौकशी करण्याचे टाळतो. पत्र लिहिणाऱ्याने मराठी समाजाच्या याच स्वभावाचा उपयोग केला. बाईविषयी लाज वाटेल अशी बातमी दिली की तिला शोधायला कोणी जाणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. आणि तो हिशेब एक वर्षाहून अधिक काळ बरोबर ठरला. पत्र आले म्हणजे बाई कोठेतरी आहेत, इतके समाधान बहुतेकांना पुरेसे झाले. परंतु काही आप्त व परिचितांना ते पटेना. त्यांनी तक्रारी केल्या, पोलीस तपास सुरू झाला आणि १९५८ मध्ये डॉ. लागूंना अटक झाली.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले व १४ डिसेंबर १९५९ रोजी त्याचा निकाल लागला. त्या न्यायालयात हे अपील तीन न्यायमूर्तींपुढे चालले. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी लिहिला. हेच पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, विष देणारा मनुष्य आपले कृत्य गुप्ततेने करतो व कोणाला सोबतीला घेत नाही. शरीरात विष सापडलेच पाहिजे असा हट्ट धरला तर ज्याला औषधांचे ज्ञान सर्वांत अधिक आहे तोच सर्वांत सुरक्षित राहील. म्हणून मृत्यूपूर्वीचे व मृत्यूनंतरचे आरोपीचे वर्तन, त्याचा हेतू, त्याला मिळालेली संधी आणि त्याने दडवलेल्या गोष्टी या सर्वांचा एकत्र विचार केला पाहिजे. त्या सर्वांतून निर्दोषत्वाचा कोणताही मार्ग उरत नसेल, तर दोष सिद्ध झाला असे मानता येते.

तिसरे न्यायमूर्ती ए. के. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मृत्यू नैसर्गिक नव्हता हेच मुळात निःसंशय सिद्ध झालेले नाही, असे त्यांना वाटले. मधुमेही रुग्णाचा मृत्यू बेशुद्धीत होऊ शकतो. नंतरचे वर्तन लोभ व लबाडी दाखवते, पण त्यावरून खून सिद्ध होतोच असे नाही, ही त्यांच्या मताची दिशा होती. अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकाने हे मतही आदराने वाचले पाहिजे. एका मनुष्याचे प्राण पणाला लागलेले असताना ‘कदाचित असेही असेल’ असे म्हणणारा एक आवाज न्यायासनावर असणे ही न्यायव्यवस्थेची शोभा आहे. बहुमताने फाशी कायम झाली. परंतु तिन्ही न्यायमूर्तींपैकी कोणीही न्यासापहाराविषयी वा कूटलेखाविषयी संदेह व्यक्त केला नाही. मतभेद होता तो शेवटच्या पायरीविषयी. त्याआधीच्या पायऱ्या सर्वांनाच स्पष्ट दिसत होत्या.

आणि गृहस्थाच्या दृष्टीने महत्त्वाच्या त्या आधीच्या पायऱ्याच आहेत. हिंसा, असत्य, चौर्य, अब्रह्म व परिग्रह या पाच पापांची गणना करताना हिंसा पहिली येते. व्यवहारात मात्र क्रम पुष्कळदा उलटा चालतो. दुसऱ्याच्या धनाविषयीची आसक्ती प्रथम जागी होते. तिच्यासाठी खोटी सही केली जाते. खोटी सही उघडकीला येऊ नये म्हणून ठेव ठेवणारा मनुष्य जिवंत नसणे सोयीचे वाटू लागते. पामरची आईच्या नावाची हुंडी आणि पुण्यातील विधवेचे सही केलेले कागद या दोन्ही ठिकाणी लोभ व माया हे दोन कषाय प्राणघाताच्या कितीतरी आधी कामाला लागले होते.

या दोन प्रकरणांवरून वैद्यक व्यवसायाविषयी संशय धरणे अन्यायाचे होईल. कोकणातील गावोगावी पावसापाण्यात रात्री-अपरात्री रुग्णाच्या घरी पोहोचणाऱ्या डॉक्टरांवर कित्येक पिढ्यांचे ऋण आहे. पामरला पकडण्यास साहाय्य केले तेही डॉक्टरांनी व रसायनतज्ज्ञांनीच. पुण्याच्या प्रकरणातही न्यायालयाने निर्णय दिला तो डॉक्टरांच्या साक्षी ऐकून. दोष व्यवसायाचा नव्हता. दोन अधिकार एका हाती एकवटले, त्यात धोका होता. ज्याच्या हातात रुग्णाची नाडी होती त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली गेली. औषध कोणते घ्यायचे हेही तोच सांगणार, सही कोठे करायची हेही तोच सांगणार, आणि बाई कशा आहेत असे कोणी विचारले तर उत्तरही तोच देणार. तिसरा मनुष्य मध्ये कोठेच उरला नाही.

हा धोका कायद्याने एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सोळावे कलम अनुचित प्रभावाविषयी आहे. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक असे आहे की, आजाराने किंवा वार्धक्याने दुर्बल झालेल्या मनुष्याला त्याच्यावर उपचार करणारा वैद्य आपल्या प्रभावाने अवाजवी मोबदला देण्यास कबूल करून घेतो. कायदा लिहिणाऱ्यांनी या उदाहरणात दुकानदार, जमीनदार असे कोणीही पात्र निवडले असते. त्यांनी मुद्दाम वैद्य निवडला. आजारी मनुष्य आपल्या वैद्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे सत्य त्यामागे आहे. डॉक्टर रागावतील, उद्या औषध नीट देणार नाहीत, ही भीती रुग्णाच्या मनात असतेच. ती बोलून दाखवली जात नाही इतकेच.

आता दृष्टी आपल्या जवळच्या गावांकडे वळवली तर काय दिसते? कुंडलिकेच्या दोन तीरांवर रोहा व अष्टमी ही जोडगावे आहेत. रोहा, पेण, नागोठणे या परिसरातील अनेक कुटुंबांची तरुण पिढी शिक्षणासाठी व व्यापारासाठी पनवेल, ठाणे, मुंबई येथे स्थायिक झाली आहे. गावच्या घरात एकटी श्राविका मागे राहते. तिचे सामायिक, तिचे देवदर्शन, तिची आयंबिलाची ओळी गावात असते. तिचे मोठे उपचार मात्र शहरात होतात. रोह्याहून गाडीत बसून पनवेल किंवा दिव्यामार्गे मुंबईला जायचे, तर कोणीतरी सोबत लागते. तो सोबती पुष्कळदा भाचा असतो, शेजारी असतो, दुकानातला जुना माणूस असतो किंवा ओळखीचा औषधविक्रेता असतो. बहुतेक वेळा तो सज्जनच असतो. परंतु त्याच्याच हाती औषधाची चिठ्ठी, त्याच्याच हाती बँकेचे पासबुक, त्याच्याच हाती तिचा मोबाइल असतो.

मोबाइल हे आजच्या कूटलेखाचे साधन झाले आहे. १९५७ मध्ये खोटे पत्र लिहायला अक्षर जुळवावे लागत असे, सही गिरवावी लागत असे. आज आईच्या मोबाइलवरून ‘मी बरी आहे, काळजी करू नका’ एवढे दोन ओळींचे टंकन कोणीही करू शकते. बँकेकडून आलेला ओटीपी क्रमांक सांगून टाकला की सहीचीही आवश्यकता उरत नाही. ‘जयपूरहून आलेले पत्र’ वाचून जे समाधान पावले त्यांच्यात आणि केवळ संदेशाच्या दोन निळ्या खुणा पाहून निश्चिंत होणाऱ्या आजच्या मुलांमध्ये फारसे अंतर नाही. आईचा आवाज ऐकणे आणि महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसणे याला पर्याय नाही.

येथे जैन संघांच्या एका थोर परंपरेची आठवण होते. देरासराच्या पेढीत देवद्रव्य वेगळे, ज्ञानद्रव्य वेगळे, साधारण खाते वेगळे, असा काटेकोर विवेक पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. एका खात्यातला पैसा दुसऱ्या खात्यात जाऊ नये म्हणून विश्वस्त डोळ्यांत तेल घालून दक्ष राहतात. भंडार उघडायचा तो चार जणांच्या साक्षीने. बँकेत सह्या दोघांच्या. वर्षाअखेरीस हिशेब संघापुढे. या व्यवस्थेमुळे कोणत्याही विश्वस्ताचा अपमान झाला, असे आजवर कोणाला वाटले नाही. उलट प्रामाणिक मुनीमजी आपण होऊन वही पुढे सरकवतात, कारण दुसऱ्याने पाहिलेला हिशेब हेच त्यांच्या प्रामाणिकपणाचे रक्षण असते.

देवद्रव्याविषयी जी दक्षता आहे तीच एका वृद्ध श्राविकेच्या ठेवीविषयी का असू नये? तिच्याकडे जे काही आहे ते थोडे असो वा पुष्कळ, तिच्या उरलेल्या आयुष्याचे औषध व अन्न त्यातूनच यायचे आहे. म्हणून काही साधे नियम प्रत्येक कुटुंबाने ठरवून घ्यावेत. जो उपचार करतो किंवा औषध आणून देतो त्याच्याकडे पैशाचा व्यवहार नसावा. जो बँकेचा व्यवहार पाहतो त्याने औषधाचा निर्णय घेऊ नये. कोऱ्या कागदावर सही कोणालाही, पोटच्या मुलालाही देऊ नये. मृत्युपत्र करायचे असेल तर ज्याला त्यातून लाभ होणार आहे त्याने वकील निवडू नये आणि तो साक्षीदारही नसावा. मोठ्या रुग्णालयात जाताना शक्यतो दोघे जण सोबत असावेत. आधारकार्डावरील नाव, असलेले आजार, चालू औषधे व दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक लिहिलेला कागद रुग्णाच्या स्वतःच्या पिशवीत असावा. लक्ष्मीबाईंच्या जवळ असा एक कागद असता, तर रुग्णालयाच्या वहीत माहेरचे नाव चढले नसते, आणि त्यांचा देह बेवारस ठरला नसता.

हे नियम म्हणजे अविश्वास नव्हे. घरात सून, मुलगा, डॉक्टर, शेजारी सर्व चांगले असतात तेव्हाच ते घालून देणे सोपे जाते. संशय उत्पन्न झाल्यावर तेच नियम आरोपासारखे वाटतात व नाती तुटतात. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला मोहाच्या प्रसंगी एकटे न सोडणे, हीदेखील त्याची काळजी घेणेच आहे. पामर किंवा लागू हे जन्मतःच घातकी होते असे मानण्याचे कारण नाही. कोणीही पाहत नाही, कोणीही विचारत नाही, ही स्थिती त्यांना वर्षानुवर्षे लाभली आणि त्या एकांतात लोभ वाढत गेला.

संघाच्या पातळीवरही काही करता येण्याजोगे आहे. वैयावच्च हे आपल्या परंपरेत आभ्यंतर तप मानले आहे. साधू-साध्वींच्या वैयावच्चासाठी श्रावक-श्राविका तत्परतेने पुढे येतात. त्याच भावनेने पर्वतिथीला, दर अष्टमीला व चतुर्दशीला, महिला मंडळातील दोन भगिनींनी गावातील एकट्या राहणाऱ्या श्राविकेच्या घरी जावे. औषधांच्या बाटल्यांवरची नावे वाचून दाखवावीत. शेवटचे पासबुक केव्हा भरून आणले ते विचारावे. मुलांशी प्रत्यक्ष बोलणे केव्हा झाले, तेही विचारावे. अष्टमी गावाच्या तर नावातच ही पर्वतिथी आहे. तेथून असा पायंडा पडला तर आसपासच्या गावांनाही तो उचलता येईल. आठवड्यातला अर्धा तास यासाठी पुरतो. त्या अर्ध्या तासात दोघींपैकी एखादीच्या नजरेस काही वावगे पडले, तर तिने ते दडपून न ठेवता श्राविकेच्या मुलांना कळवावे, जसे विच्छेदन कक्षातील त्या अनाम कर्मचाऱ्याने गळ्यावरची खूण वरिष्ठांना कळवली. त्याचा कयास चुकीचा ठरला, तरी त्याच्या सांगण्यामुळेच त्या मृत स्त्रीला तिचे नाव परत मिळाले.